पाखरांच्या डिस्कखालची पहाट

भोंगा वाजला, असं तुम्ही लिहिलंत. खोटं लिहिलंत. पहाटे पाच वाजता वाजला, तीनदा वाजला, नियमानुसार वाजला, असं कालवा कार्यालयाचा शिक्का मारून लिहिलंत आणि खाली आणखी एक ओळ ठोकलीत, की सखल गल्लीचा रक्षक झोपून राहिला म्हणून लोकांना वेळेत इशारा मिळाला नाही. कालव्याचे दरवाजे तुम्ही उघडलेत. पाणी तुम्ही सोडलंत. आणि गल्ली छातीभर पाण्यात गेल्यावर खापर फोडायला डोकं शोधलंत ते पंक्चर काढणाऱ्या एका माणसाचं. डोकं बरोबर निवडलंत, कारण तो उलटून बोलत नाही. फक्त त्या माणसाला एक मोठी बहीण आहे, एवढं तुम्ही विसरलात.

गल्ली त्याला पंप्या म्हणते. गल्लीच्या तोंडाशी त्याचं टायरचं दुकान, दुकानामागे राहण्याची खोली. कालवा कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी प्रत्येक गल्लीत एकेक रक्षक नेमला. काम सोपं : भोंगा ऐकू आला की दारोदार जाऊन माणसं उठवायची. पंप्याला एक शिट्टी मिळाली आणि एक पिवळं जाकीट मिळालं. जाकीट त्याला इतकं आवडलं की तो ते घालून पंक्चर काढायचा. ताई म्हणायची, "अरे, लग्नातही हेच घालून येशील तू." तो म्हणायचा, "लग्न ठरू दे आधी, मग बघू."

ते जाकीट आता खुंटीवर होतं. पुरानंतर त्याने ते अंगाला लावलं नव्हतं.

आज दुपारी तीन वाजता कार्यालयात शेवटची सुनावणी होती आणि पंप्या सही करणार होता. चौकशी साहेबांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं होतं. चूक कबूल कर, आम्ही प्रकरण मिटवतो. नाही केलीस तर खटला होईल. पुरात एका आजीचा पाय मोडला होता, दोन घरांच्या भिंती बसल्या होत्या. त्या सगळ्याला जबाबदार कोण, हे मग कोर्टच ठरवेल.

सकाळी ताई दुकानात शिरली तेव्हा तो एका ट्यूबला पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे येतात का बघत बसला होता. ट्यूबला भोक नव्हतं. तो नुसताच बघत होता.

"सही करणार आहेस म्हणे."

"हो."

"तू झोपला होतास?"

"नाही गं."

"मग?"

"आता मलाच कळत नाही, ताई. सगळे म्हणतात वाजला. कागदावर आहे वाजला. मी उठलो तो गटारात पाणी उलटं चढताना ऐकून. त्याच्या आधी कदाचित लागली असेल डुलकी. कदाचित वाजला असेल."

"आख्ख्या गल्लीने ऐकला नाही तो भोंगा!"

"साहेब म्हणाले, झोपलेल्या माणसाला ऐकू येत नसतं, म्हणून झोपलेल्याची साक्ष धरत नाहीत."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, तिने त्याच्या हातातली ट्यूब ओढली आणि कोपऱ्यात भिरकावली. "कर सही! भिंती तूच पाडल्यास म्हणून पण लिहून दे! कालवासुद्धा तूच खणलास म्हण!" आणि ती ताडताड मामाचा जिना चढली. घरी गेली असती तर भांडी फोडली असती. हाताला काहीतरी काम हवं होतं.

मामा म्हणजे त्या दोघांच्या आईचा भाऊ. गल्लीतल्या सगळ्यात उंच इमारतीच्या सगळ्यात वरच्या खोलीत राहणारा. जन्मभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर पाखरांच्या नादी लागला. पुढे कान गेले. म्हणजे पूर्ण गेले नाहीत, कानात यंत्र घालून भांडणापुरतं ऐकू यायचं, पण पाखरांचे बारीक आवाज कायमचे गेले. दुसरा कुणी हाय खाऊन बसला असता. मामाने गच्चीच्या कठड्याला एक माइक बांधला, तार खोलीत आणली, एका जुन्या कॉम्प्युटरला जोडली. तो कॉम्प्युटर रात्रंदिवस आवाज टिपायचा, पाव-पाव तासाची एकेक फाइल करायचा आणि पडद्यावर त्या आवाजाचं चित्र काढायचा. बारीक आवाज वर, जाड आवाज खाली. मामा पाखरं डोळ्यांनी ऐकायला शिकला. "ही बघ, कशी नागमोडी बोलतेय," असं म्हणत तो तासन् तास पडद्यासमोर बसायचा.

फायली एवढ्या झाल्या की कॉम्प्युटरच्या पोटात मावेनात, म्हणून बाहेरून एक हार्ड डिस्क लावली. चपात्यांच्या डब्याएवढी, स्वतःची वेगळी पिन असलेली. कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. त्यात बाहेरची डिस्क नुसती तारेने लावून भागत नाही. ती कुठल्या फोल्डरात दिसायची ते सांगून जोडावी लागते, त्याला माउंट करणं म्हणतात. कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदाराने 'पाखरं' नावाचा एक रिकामा फोल्डर केला आणि पडद्यावर एक चिन्ह करून दिलं. चिन्हावर टिचकी मारायची, पासवर्ड घालायचा, की डिस्क त्या फोल्डरात येऊन बसते. आवाज टिपणारा प्रोग्रॅम मात्र कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप सुरू व्हायचा. म्हणजे वीज गेली आणि आली, की प्रोग्रॅम जागा आणि डिस्क झोपलेली. मामा येऊन टिचकी मारेपर्यंत सगळा आनंद.

पुराच्या त्या पहाटे नेमकं हेच झालं होतं. रात्री वीज गेली, साडेचारच्या आसपास आली, पाणी शिरल्यावर पुन्हा गेली. मामा त्या वेळी पाय मोडलेल्या आजींना पाठुंगळी घेऊन वर आणत होता. दोन दिवसांनी वीज आल्यावर त्याने टिचकी मारली, डिस्क उघडली. त्या पहाटेची एकही फाइल नाही. त्याने कपाळावर हात मारून घेतला होता. आणि तुमच्या कार्यालयाने तेही आवर्जून लिहिलं : रक्षकाच्या नातेवाइकांकडे चोवीस तास चालणारी यंत्रणा असूनही ते पुरावा देऊ शकले नाहीत.

"मामा," ताई आत शिरता शिरता म्हणाली, "आज हे तुझं टिचकीचं दुकान बंद. कॉम्प्युटर उठला की डिस्क आपली आपण जोडली गेली पाहिजे. पुढच्या वेळी ते पाणी सोडतील ना, तेव्हा एक शब्द सुटता कामा नये."

"काय सुटता कामा नये?"

"शब्द!"

"कसला सुतार?"

"कानात घाल आधी ते!"

"त्याची बॅटरी उतरलीय. ओरडू नकोस, मी चार्जिंगला लावतो. तू बस तिथे."

ताई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. कापड बेतायच्या आधी तीनदा माप घेणारी बाई. तिने फोनवर माहितीचं एक पान उघडलं आणि मापं घ्यायला सुरुवात केली. पान सांगत होतं की डिस्कला तिच्या क्रमांकाने बोलवू नका. आज ती दुसरी असेल, उद्या पेनड्राइव्ह आधी लागला तर तिसरी होईल. प्रत्येक डिस्कला एक कायमचा ओळख-क्रमांक असतो, लांबलचक, आकडे आणि अक्षरं मिसळलेला. तो विचारून घ्या. तिने विचारला. पडद्यावर आला. तिने तो तसाच उचलून ठेवला, हाताने लिहायच्या भानगडीत पडली नाही.

मग एफ-स्टॅब नावाची फाइल उघडायची होती. कॉम्प्युटर उठताना ही फाइल वाचतो : कुठली डिस्क, कुठल्या फोल्डरात, कशी बसवायची. पानावर ठळक अक्षरांत दम दिलेला होता, की आधी या फाइलीची एक नक्कल करून ठेवा, चुकलात तर कॉम्प्युटर उठायचा नाही.

"मामा, हा उठला नाही तर?"

मामाने तोवर यंत्र चार्जिंगला टोचलं होतं, त्यामुळे त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने प्रसन्न मान डोलावली. "हो हो, लाव ना खिडकी."

तिने नक्कल केली. मग खाली एक ओळ लिहिली. ओळख-क्रमांक. फोल्डरचा पत्ता. डिस्कची आतली मांडणी कसली ती. आणि शेवटी एक शब्द, नोफेल. म्हणजे डिस्क नसली, सापडली नाही, तरी अडून बसू नकोस, पुढे चल. हा शब्द तिला इतका पटला की तिने तो मोठ्याने म्हटला. आपल्या भावालाही कुणीतरी असा एक शब्द लिहून द्यायला हवा होता.

जतन केलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

पांढरी अक्षरं भराभरा वर सरकली. एका जागी येऊन सगळं थांबलं. दीड मिनिट काहीही हललं नाही. तिच्या मनात मामाची सात वर्षांची पाखरं, दुकानदाराचं तोंड आणि स्वतःचा आगाऊपणा असं सगळं एकदम येऊन गेलं. मग पडदा उजळला. चिन्हं आली. पासवर्ड कुणी मागितला नाही.

तिने 'पाखरं' फोल्डर उघडला. आत फायली!

"झालं!" ती खुर्चीतून उसळली. "मामा! झालं! आपोआप जोडली गेली!" तिने मामाला धरून गोल फिरवलं. मामाला काय झालं ते कळलं नव्हतं, पण भाची नाचतेय म्हटल्यावर तोही नाचला. मग चष्मा सरळ करून पडद्याकडे वाकला आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"पोरी, हे एवढंच?"

ताईने बघितलं. फायली होत्या, पण मूठभर. हजारो असायला हव्या होत्या. इथे एका पडद्यात सगळ्या संपत होत्या.

"माझी पाखरं," मामा म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला. "सात वर्षांची. कुठे गेली?"

ताईचं धाबं दणाणलं. आपण काय करून बसलो? एक ओळ लिहिली आणि म्हाताऱ्याचा जन्म पुसला? तिने डिस्ककडे पाहिलं. डिस्कवरचा निळा दिवा बंद होता. तिने तार तपासली. कॉम्प्युटरची तार नीट. मग दुसरी तार धरून ती टेबलाखाली गेली, भिंतीपर्यंत, आणि तिथून तिचा आवाज आला.

"मामा! पिन कुणी काढली?"

मामा वाकून बघायला लागला. भिंतीतल्या खोबणीत कानातल्या यंत्राचा चार्जर ऐटीत बसला होता आणि डिस्कची पिन जमिनीवर लोळत होती.

मामाने जीभ चावली.

ताई टेबलाखालीच मटकन बसली. जीव भांड्यात पडला खरा, पण लगेच उलटा विचार आला. डिस्कला वीजच नाही. म्हणजे डिस्क जोडली गेलेलीच नाही. दीड मिनिट कॉम्प्युटर तिचीच वाट बघत होता, मग नोफेल वाचून पुढे गेला. मग फोल्डरात दिसतायत त्या फायली कुणाच्या?

ती टेबलाखालून इतक्या वेगाने उठली की डोकं आपटलं. डोकं चोळत तिने तारखा बघितल्या. एक उन्हाळ्यातली दुपार. एक वादळाची रात्र. असेच सुटे सुटे दिवस. मामाने तिच्या खांद्यावरून बघितलं आणि तोच म्हणाला, "अगं, त्या वादळात वीज गेली होती. आणि त्या दुपारी, ते तारेवर झाड पडलं तेव्हा."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

वीज जाऊन आल्यावर प्रोग्रॅम उठायचा. डिस्क जोडलेली नसायची. पण फोल्डर तर होताच! प्रोग्रॅमला काय ठाऊक, तो फोल्डर डिस्कचा आहे की नुसता रिकामा. तो आपला लिहीत राहायचा, कॉम्प्युटरच्याच पोटात. मग मामा टिचकी मारायचा आणि डिस्क येऊन त्याच फोल्डरावर बसायची, जशी जुन्या सीटवर नवं कव्हर चढवावं. खालचं काही फाटत नाही, जळत नाही. फक्त दिसत नाही. कव्हर काढल्याशिवाय कुणाला दिसणार? आणि मामा कॉम्प्युटर उठला की पहिलं काम टिचकीचं करणारा माणूस. उघड्या फोल्डरात त्याने कधी डोकावलंच नव्हतं.

"खाली जा," मामा कुजबुजला. "खाली सरकव ते. पुराचा दिवस."

ताईने सरकवलं. तारीख आली. पहाटे चार पस्तीसपासून पुढे, ओळीने चार फायली.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच पाखराचा नव्हता.

मामाने घाईघाईने यंत्र कानात खुपसलं. होती नव्हती तेवढी बॅटरी पुरे. ताईने पहिली फाइल लावली. पडद्यावर काळोख सरकायला लागला, त्यात तळाशी एक जाड पट्टा लाटेसारखा वरखाली होत होता.

"हे कोणतं पाखरू?" मामाने डोळे बारीक केले. "घुबडाच्या जातीतलं दिसतंय."

"मामा, ते तुझं घोरणं आहे."

"शक्यच नाही. माइक बाहेर आहे."

"तरीच किती मोठं आहे बघ."

मग दुरून एक गुरगुर आली, जवळ आली, आणि गिअर बदलताना किंचाळली. मामा ताठ झाला. "पहिली बस! वरच्या रस्त्याने जाणारी. डेपोतून पावणेपाचला सुटते, चढावर चार-पन्नासला येते. तिचा दुसरा गिअर असाच रडतो. मी सहा वर्षं सोसलाय तो." त्याने टेबलावर बोट रोवलं. "आता दुसरी बस येईल पाच-दहाला. ते काय म्हणतात, भोंगा पाचला वाजला ना? मग तो या दोन बसच्या मधे दिसला पाहिजे."

दोघं पडद्याला डोळे लावून बसले. एक कुत्रं. एक दार. कुणीतरी थुंकलं. पाखरांच्या पहिल्या बारीक रेघा उमटल्या. मामा त्यांच्याकडे बघेना, आयुष्यात प्रथमच. आणि मग गुरगुर. दुसरी बस आली आणि गेली.

मधे काहीही नव्हतं.

"नाही," ताई म्हणाली.

"नाही," मामा म्हणाला आणि टेबलावर अशी मूठ मारली की निळा दिवा नसलेली डिस्कसुद्धा उडाली. "डोंगर नाही! भोंगा म्हणजे डोंगर असतो पडद्यावर! दर महिन्याला चाचणीचा वाजवतात ना, तो दर महिन्याचा डोंगर आहे माझ्याकडे डिस्कवर. एवढा! पाखरं झाकून टाकणारा! तो इथे नाही!"

"थांब. ऐक."

गटारातून गुळगुळ आवाज. शटर वर गेल्याचा खडखडाट. खोकला. तो खोकला ताई लहानपणापासून ओळखत होती. आणि मग, अगदी स्पष्ट, गल्लीच्या भिंतींवर आपटत, तिच्या भावाचा आवाज.

"पाणी! अरे पाणी आलं! भोंगा का नाही वाजला? उठा रे! उठा!" आणि लोखंडी खांबावर टायर काढायच्या पहारीचे दणके. ठण्. ठण्. ठण्. मधेच खिडकी उघडल्याचा आवाज आणि एक चिडका बायकी स्वर : "कोण बोंबलतंय रे?" हा ताईचा. मग त्याचा, जवळून, "ताई, मुलांना घेऊन मामाकडे वर जा! विचारू नकोस, जा!" आणि पुन्हा ठण्, ठण्, ठण्, लांब लांब जात गल्लीच्या टोकापर्यंत.

ताईने तोंडावर हात दाबला. त्या पहाटे तिने भावाला बोंबलणारा म्हटलं होतं, आणि आज सकाळी भिंती पाडणारा. पण रडायला वेळ नव्हता. घड्याळात दोन वाजत आले होते.

"पेनड्राइव्ह?" मामाने विचारलं.

"आणि म्हणतील, आमच्याकडे चालत नाही. आख्खं घेऊन जायचं. चाचणीच्या डोंगरांसकट."

तिने डिस्कची पिन भिंतीत खुपसली, निळा दिवा लागला. त्या पहाटेच्या फायली आधी दुसरीकडे काढून घेतल्या, मग डिस्क जोडली आणि त्या डिस्कवरही ठेवल्या. दोन दोन ठिकाणी. मग तारा उपटल्या. कॉम्प्युटर ताईने उचलला, पडदा मामाने, डिस्क तिने चादरीत गुंडाळून पोटाशी बांधली. खाली पंप्याची टायरची हातगाडी उभी होती. तो स्वतः निघून गेला होता.

हातगाडीवरून कॉम्प्युटर ढकलत नेणारी बाई आणि तिच्यापुढे "बाजूला व्हा! बाजूला!" असं ओरडत धावणारा म्हातारा, हे दृश्य लोकांनी थांबून बघितलं. मामा वळणावर हात दाखवायचा, सवयीने. सीट कव्हरच्या दुकानाचा मालक दारातून म्हणाला, "अगं, आज कामावर येणार आहेस की नाही?" ताई न थांबता म्हणाली, "कामावरच आहे!"

कार्यालयाचा जिना, लांबलचक व्हरांडा, दारावरचा शिपाई. "आत सुनावणी चालू आहे."

"मग आम्ही काय सिनेमाला आलोय?" मामा म्हणाला आणि पडद्याने दार ढकललं.

आत लांब टेबल. पलीकडे चौकशी साहेब, त्यांच्या बाजूला लिहून घेणारा एक कारकून. अलीकडे पंप्या, धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. त्याच्या हातात पेन होतं. कागदावर टेकलेलं होतं.

"पंप्या, हात वर!" ताई ओरडली. त्याने खरोखरच दोन्ही हात वर केले. पेन खाली पडलं.

"बाई, हे काय चाललंय?" साहेब उठले. "पुरावे देण्याची मुदत संपली आहे."

"पुरावा देत नाही. ऐकवते." तिने भिंतीशी जाऊन पंख्याची पिन काढली. टेबलावरचे कागद फडफडायचे थांबले. तिने कॉम्प्युटर लावला, पडदा लावला, डिस्क लावली, निळा दिवा लागला की नाही ते दोनदा बघितलं आणि बटण दाबलं.

पांढरी अक्षरं वर सरकली. ओळ बरोबर लिहिली असेल ना? डिस्क जागेवर असताना एकदाही चालू करून बघितलेलं नव्हतं. इथे पासवर्ड, टिचकी, शोधाशोध करत बसलो तर साहेब शिपायाला बोलावणार. अक्षरं एका ठिकाणी आली. थांबली नाहीत. सरळ पुढे गेली. पडदा उजळला. तिने फोल्डर उघडला आणि हजारो फायली धबधब्यासारख्या खाली कोसळल्या.

"आली!" मामाने टाळी वाजवली. "आपली आपण आली!"

ताईने आधी चाचणीचा भोंगा लावला. पडद्यावर डोंगर उभा राहिला, आवाजाने काचा थरथरल्या, कारकुनाने कान झाकले. "हा तुमचा भोंगा. दर महिन्याचा. ओळखीचा आहे ना?" साहेबांना मान हलवावीच लागली. मग तिने ती पहाट लावली.

पहिली बस किंचाळली. मामाने बोट वर करून नुसतं "चार-पन्नास" म्हटलं. कुत्रं. दार. पाखरं. दुसरी बस. "पाच-दहा." साहेबांचा चेहरा हळूहळू पिठासारखा पांढरा होत गेला. मग शटर, खोकला, आणि खोलीभर पंप्याचा आवाज.

पंप्या स्वतःचा आवाज ऐकत उभा राहिला. त्याला बसायचं सुचलं नाही. "भोंगा का नाही वाजला?" असं तो पडद्यातून विचारत होता आणि इथे त्याचे ओठ तेच शब्द हलके हलके म्हणत होते. दणके संपले तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि ताईकडे बघून हसला. पुरानंतर पहिल्यांदा.

"मी जागा होतो, ताई."

"माहीत आहे रे, वेड्या."

साहेबांनी घसा खाकरला. "हे बघा. असं ध्वनिमुद्रण हल्ली कुणीही तयार करू शकतं."

"करा की," मामा म्हणाला. "माझ्या बसचा दुसरा गिअर तयार करून दाखवा. ती अजून त्याच रस्त्याने धावते. डेपोत विचारा कितीला सुटते. चला, मी येतो बरोबर. उभं राहून प्रवास करावा लागेल तुम्हाला, पण चालेल ना?"

कारकून हसला आणि लगेच खोकला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग कागदाकडे.

"याचा विचार करू. तुम्ही आता जा. तपासून पाहू आणि कळवू."

ताई काही बोलणार तोच पंप्याने तिच्या दंडाला हात लावला. त्याने तिला कधी असं थांबवलं नव्हतं. जमिनीवर पडलेलं पेन त्याने उचललं, सहीच्या कागदावर आडवं ठेवलं आणि तो कागद टेबलावरून साहेबांच्या पुढ्यात सरकवला.

"कळवू नका, साहेब. इथेच सांगा. मी उठलो, मी ओरडलो, मी खांब ठोकला, सगळं तुम्ही आत्ता ऐकलंत. माझं नाव तुमच्या कागदावर ठळक लिहिलंय. पण पाणी सोडणारा कुणीतरी होता. भोंग्याच्या बटणापाशी बसलेला कुणीतरी होता. न वाजलेला भोंगा वाजला असं लिहायला लावणारा कुणीतरी होता. त्यांची नावं कुठे आहेत?"

तो खुर्ची ओढून बसला. मामा बसला. ताईही बसली, चादर मांडीवर घेऊन. पंखा बंद होता आणि खोलीत उकडायला लागलं होतं.

"आम्हाला घाई नाही," पंप्या म्हणाला. "सांगा, साहेब. तुमच्यापैकी कोण झोपलं होतं?"